मुदतीची ओळख

जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ राहण्याची परवानगी मिळालेल्या प्रत्येक परदेशी व्यक्तीला, मग ती पुण्याहून गेलेली संगणक अभियंता असो वा व्हिएतनामहून कारखान्यात काम शिकायला आलेला तरुण, राहत्या पत्त्याची नोंद झाल्यावर १२ आकड्यांचा एक क्रमांक दिला जातो. ‘माय नंबर’ या नावाने ओळखला जाणारा हा क्रमांक जपानी नागरिकाच्या क्रमांकाहून कोणत्याही अंगाने निराळा नसतो. आकड्यांकडे पाहून तो देशीचा की विदेशीचा हे सांगता येत नाही. या क्रमांकाच्या आधारे मागणी केल्यास छायाचित्र असलेले मायनंबर कार्ड मिळते, कार्डात एक चिप असते, आणि मोबाइलच्या पाठीवर ते टेकवले की ‘मायना पोर्टल’ हे सरकारी ॲप उघडते, ज्यातून कर, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि पत्ताबदल यांच्याशी संबंधित कामे करता येतात. २०२४ च्या अखेरीस जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाख ६८ हजारांवर पोचली होती आणि त्यांत भारतीय ५० हजारांहून अधिक होते. या सर्वांसाठी ॲप तेच, क्रमांकाची रचना तीच आणि कार्डाचा रंगही तोच असला, तरी कार्डाच्या दर्शनी भागावर छापलेली मुदतीची तारीख मात्र सारखी नसते, आणि परदेशी रहिवाशाच्या डिजिटल ओळखीचा बराचसा इतिहास व जवळजवळ सगळा मनस्ताप त्या तारखेत साठलेला आहे.

हा इतिहास समजून घ्यायचा तर जपानी प्रशासनाच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करावी लागते. तिथे माणसाची नोंद परंपरेने दोन ठिकाणी होते. पहिली ‘कोसेकी’, म्हणजे कुटुंबनिहाय नागरिकत्वाची वही, जिची आधुनिक घडी १८७१ च्या कायद्याने बसली आणि जिच्यात जन्म, विवाह, दत्तकविधान, मृत्यू यांची नोंद होते. ती केवळ जपानी नागरिकांची असते आणि आजही तशीच आहे. दुसरी ‘जूमिनह्यो’, म्हणजे कोणत्या पत्त्यावर, कोणत्या घरात, कोण राहतो याची स्थानिक कार्यालयाने ठेवलेली नोंद, जी १९६७ च्या कायद्याने एकसारखी करण्यात आली. शाळाप्रवेशापासून मोबाइलच्या करारापर्यंत जो दाखला वारंवार मागितला जातो तो या दुसऱ्या वहीतला उतारा होय. परदेशी माणसाची नोंद या दोहोंपैकी कुठेच नव्हती. त्याच्यासाठी तिसरी वही होती आणि तिचा उगम स्वागतात नव्हे, तर पहाऱ्यात होता.

२ मे १९४७ रोजी, म्हणजे नवी राज्यघटना अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा आदेश सम्राटाच्या नावाने काढण्यात आला आणि वसाहतकाळात जपानमध्ये आलेल्या कोरियन व तैवानी लोकांना, कायद्याने ते अजून जपानी प्रजाजन असतानाही, नोंदणीपुरते परदेशी ठरवण्यात आले. सॅन फ्रान्सिस्को करार लागू झाला त्या २८ एप्रिल १९५२ या दिवशी त्यांचे जपानी नागरिकत्वही संपले. पुढे १९५५ पासून या वहीत बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात झाली. जपानमध्येच जन्मलेल्या, जपानी शाळांत शिकलेल्या कोरियन वंशाच्या तरुणांना ठरावीक वयानंतर कार्यालयात जाऊन बोट शाईत बुडवावे लागे, आणि १९८० च्या दशकात त्यांच्यापैकी अनेकांनी ठसे देण्यास उघड नकार देऊन खटले ओढवून घेतले. या चळवळीमुळे १९९३ पासून कायम रहिवाशांची आणि २००० साली सर्वांचीच नोंदणीतील ठशांमधून सुटका झाली. २००७ च्या नोव्हेंबरात मात्र ठसे विमानतळावर परत आले, या वेळी शाईऐवजी काचेवर, आणि जुन्या वसाहतीच्या वारसांना त्यांतून वगळून.

वेगळ्या वहीचे परिणाम घरगुतीही होते. जपानी स्त्री आणि परदेशी पुरुष यांच्या संसारात जूमिनह्योवर पत्नी आणि मुले दिसत, नवऱ्याचा पत्ता नसे. फार तर विनंतीवरून शेऱ्याच्या रकान्यात ‘प्रत्यक्षातील कुटुंबप्रमुख’ म्हणून त्याचे नाव घातले जाई. या विसंगतीवर एका सीलने अनपेक्षित प्रकाश टाकला. २००२ च्या उन्हाळ्यात तामा नदीत दिसलेला आणि ‘तामा-चान’ या लाडक्या नावाने देशभर प्रसिद्ध झालेला हा जलचर पुढे योकोहामातील काताबिरा नदीत मुक्कामाला आला, तेव्हा तिथल्या निशी विभागाने फेब्रुवारी २००३ मध्ये कौतुकाने त्याच्या नावे जूमिनह्यो काढला. त्यानंतर काही परदेशी रहिवाशांनी सीलचे पोशाख घालून मोर्चा काढला आणि वर्षानुवर्षे कर भरणाऱ्या माणसांना जो दाखला मिळत नाही तो समुद्री प्राण्याला कसा मिळतो, असा बिनतोड प्रश्न विचारला. प्रशासनाला उत्तर द्यायला नऊ वर्षे लागली. ९ जुलै २०१२ रोजी परदेशी नोंदणीचा जुना कायदा रद्द झाला, मध्यम व दीर्घ मुदतीचे परदेशी रहिवासी जूमिनह्योच्या वहीत आले आणि त्यांच्या हाती ‘झाइऱ्यू कार्ड’ हे नवे निवासपत्र पडले, जे स्थानिक कार्यालयाऐवजी थेट देशांतर-नियंत्रण खाते देते. मायनंबर परदेशी माणसाला नागरिकांबरोबरच मिळू शकला तो या बदलामुळे, कारण क्रमांक देण्याची अट नागरिकत्व ही नसून जूमिनह्योतील नोंद ही होती.

खुद्द जपानी जनता या क्रमांकाकडे ओढीने गेली असे मात्र म्हणता येत नाही. करचुकवेगिरी रोखण्यासाठी १९८० साली मंजूर झालेली कार्डयोजना अमलात न येताच १९८५ मध्ये गुंडाळावी लागली होती, आणि २००२ साली सर्व स्थानिक वह्या संगणकाच्या जाळ्याने जोडल्या गेल्या तेव्हा काही नगरपालिकांनी त्या जाळ्यात येण्यासच नकार दिला होता. वारे फिरले ते २००७ मध्ये, जेव्हा निवृत्तिवेतनाच्या सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्या आहेत हेच कळत नाही असे उघड झाले. नोकरी बदलली, लग्नात आडनाव बदलले की नवा क्रमांक मिळत गेल्याने एका माणसाच्या आयुष्यभराच्या वर्गण्या तुकड्यातुकड्यांनी विखुरल्या होत्या. एक माणूस, एक क्रमांक हे तत्त्व त्यानंतर पटू लागले. २०१३ मध्ये कायदा झाला, ऑक्टोबर २०१५ पासून क्रमांक घरोघरी कळवण्यात आले आणि जानेवारी २०१६ पासून कार्डे वाटली जाऊ लागली. कार्ड घेणे ऐच्छिक असल्यामुळे पहिली काही वर्षे त्याला उठाव नव्हता, आणि सरकारने २० हजार येनपर्यंतच्या खरेदीगुणांचे आमिष दाखवल्यावरच रांगा लागल्या. आता लोकसंख्येच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांकडे ते आहे.

ॲप कसे चालते हे पाहिले की मुदतीचा प्रश्न नीट उलगडतो. भारतीय वाचकाला आधारची सवय असल्याने क्रमांक हीच ओळख असे वाटते, परंतु जपानी व्यवस्थेत क्रमांकाचा उपयोग कायद्याने मर्यादित ठेवलेला आहे, सुरुवातीला तर केवळ कर, सामाजिक सुरक्षा आणि आपत्तिनिवारण एवढ्यापुरता, आणि ॲपमध्ये प्रवेश करताना तो टाइप करावा लागतच नाही. काम करतात ती चिपमधली दोन डिजिटल प्रमाणपत्रे, म्हणजे कार्डधारक खरा आहे याची ग्वाही देणाऱ्या गणिती किल्ल्या. पहिले प्रमाणपत्र प्रवेशासाठी असून त्याला चार आकडी पिन लागतो आणि त्यात धारकाचे नाव-गाव काहीच नसते. दुसरे स्वाक्षरीसाठी असून त्याला ६ ते १६ अक्षरांचा पासवर्ड लागतो आणि त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख व लिंग कोरलेले असते. पिन तीनदा किंवा पासवर्ड पाच वेळा चुकला की किल्ली बंद पडते. घर बदलले की पत्ता खोटा ठरल्यामुळे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आपोआप बाद होते आणि ते नव्याने घालून घेण्यासाठी ‘कुयाकुशो’त, म्हणजे विभाग कार्यालयात, खिडकीपुढे उभे राहावे लागते. २०२३ पासून जुन्या गावातून बाहेर पडल्याची सूचना ॲपवरून देता येते, तरीही नव्या गावात आल्याची नोंद प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते, तीही १४ दिवसांच्या आत, आणि परदेशी माणसाला त्या वेळी एक नव्हे तर दोन कार्डांवर नवा पत्ता लिहून घ्यावा लागतो. ॲपने खिडकी नाहीशी केली, ही जाहिरातीची भाषा झाली. खिडकीपुढची रांग काहीशी आखूड झाली, इतकेच काय ते खरे.

प्रौढ जपानी नागरिकाचे कार्ड सुमारे दहा वर्षे आणि त्यातली प्रमाणपत्रे सुमारे पाच वर्षे चालतात. कायम रहिवासाची परवानगी असलेल्या परदेशी व्यक्तींनाही हाच नियम लागू आहे. बाकीच्यांचे कार्ड मात्र निवास-परवान्याच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि अभियंत्याला तो परवाना पाच, तीन किंवा एक वर्षाचा मिळू शकत असल्यामुळे ज्याची नोकरी नवी, त्याची ओळखही आखूड असा प्रकार होतो. परवाना वाढवल्यावर कार्ड आपोआप वाढेल अशी अपेक्षा कोणीही करील, कारण देशांतर-नियंत्रण खात्याकडून नव्या मुदतीची माहिती स्थानिक वहीकडे संगणकानेच जाते. वहीतली तारीख बदलते, परंतु चिपमधली तारीख कोणी तरी यंत्रावर कार्ड ठेवून बदलल्याखेरीज बदलत नाही. ते काम कुयाकुशोच्या खिडकीवर होते आणि जुनी मुदत संपण्याआधीच व्हावे लागते.

यातील गुंता २०२२ च्या मार्चपासून अधिक ठळक झाला, कारण तेव्हापासून परदेशी व्यक्तीला निवास-परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज मायनंबर कार्ड वापरून घरबसल्या करता येऊ लागला. ही सोय मोठी आहे हे निर्विवाद. टोकियोच्या शिनागावातील देशांतर-नियंत्रण कार्यालयात एकेक सकाळ घालवलेल्यांना तिची किंमत सांगावी लागणार नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये शुल्के वाढवण्यात आली तेव्हा प्रत्यक्ष अर्जाला ६,००० तर ऑनलाइन अर्जाला ५,५०० येन ठेवून सरकारनेही आपला कल दाखवून दिला. अर्ज मुदतीपूर्वी तीन महिन्यांपासून करता येतो. तरीही निर्णय वेळेत येईलच असे नाही, म्हणून कायद्याने अर्जदाराला जुनी मुदत उलटल्यावरही जास्तीत जास्त दोन महिने राहण्याची सवलत दिलेली आहे. ही सवलत माणसाला आपोआप मिळते. त्याच्या मायनंबर कार्डाला मिळत नाही. कार्ड जिवंत ठेवायचे तर अर्ज प्रलंबित असल्याचा पुरावा घेऊन कुयाकुशोत जायचे, दोन महिन्यांची तात्पुरती वाढ चिपवर घालून घ्यायची, आणि मग नवा परवाना हाती आल्यावर पूर्ण वाढीसाठी त्याच खिडकीवर पुन्हा जायचे. जो हा हेलपाटा विसरतो त्याचे कार्ड मध्यरात्री मृत होते. नव्याने छायाचित्र देऊन अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, आणि नवे कार्ड येईपर्यंत ॲप बंद. माणूस कायदेशीररीत्या देशात आहे, नोकरीवर जात आहे, कर भरत आहे, आणि त्याची डिजिटल ओळख मात्र कालबाह्य झाली आहे, अशी स्थिती या व्यवस्थेत अपवादाने नव्हे तर तिच्या रचनेतूनच निर्माण होते.

ओळख संपली की काय अडते, याचे उत्तर दरवर्षी बदलत गेले आहे. एके काळी कार्ड नसल्याने फार तर दुकानातल्या यंत्रातून दाखला काढता येत नसे. २ डिसेंबर २०२४ पासून आरोग्यविम्याची जुनी कार्डे नव्याने देणे थांबले आणि दवाखान्याच्या दारातील यंत्रावर मायनंबर कार्ड ठेवणे हा मुख्य मार्ग ठरला. ते नसणाऱ्यांसाठी कागदी पात्रतापत्राची तजवीज आहे, परंतु मुदत संपल्याचे प्रथम लक्षात येते ते तापाने फणफणलेले मूल कडेवर असताना. मोबाइलमध्येच प्रमाणपत्रे साठवण्याची सोय मे २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनवर आणि जून २०२५ मध्ये आयफोनवर आली. पण त्या प्रमाणपत्रांचे मूळ कार्डातच असल्यामुळे कार्डाची तारीख त्यांनाही चुकत नाही.

नावांचा प्रश्न याहून जुना आणि मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रातील पारपत्रांवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे एका ओळीत असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. झाइऱ्यू कार्ड पारपत्रावरून आणि जूमिनह्यो झाइऱ्यू कार्डावरून रोमन अक्षरांत तयार होत असल्याने हे तिपेडी नाव जसेच्या तसे पुढे सरकते, आणि जपानी अर्जांतील दोन आखूड रकान्यांत ते मावत नाही. बँकेत मात्र खाते काताकाना लिपीत, म्हणजे परकी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी अक्षरमालेत, उघडले जाते, आणि ‘ज्ञानेश्वर’ काताकानात कसे लिहायचे हे त्या दिवशी खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते. वडिलांचे नाव एका ठिकाणी आले आणि दुसऱ्या ठिकाणी गाळले गेले की संगणकाच्या दृष्टीने ती दोन माणसे होतात.

हा केवळ परक्यांचा त्रास आहे असे समजू नये. सरकारी मदत जमा होण्यासाठी क्रमांकाला बँकखाते जोडण्याची मोहीम निघाली तेव्हा सुमारे १ लाख ३० हजार प्रकरणांत स्वतःऐवजी कुटुंबीयांचे खाते जोडले गेल्याचे २०२३ मध्ये समोर आले, आणि ते आधी ध्यानात न येण्याचे कारण असे की स्थानिक वहीत जपान्यांची नावे चिनी चित्राक्षरांत तर बँकेत काताकानात, त्यामुळे दोन्ही यंत्रांना आपसांत पडताळा घेता येत नव्हता. त्याच वर्षी सात हजारांहून अधिक विमाधारकांच्या नोंदी भलत्याच व्यक्तीच्या क्रमांकाला जोडल्या गेल्याचेही आढळले. दाखला एकाने मागावा आणि दुकानातील यंत्रातून दुसऱ्याचा बाहेर यावा, असे योकोहामात घडलेच होते. परदेशी नावांच्या बाबतीत जे रोजचे होते ते जपानी नावांच्या बाबतीत घडल्यावर त्याची राष्ट्रीय चर्चा झाली, एवढेच.

या रोजच्या अनुभवाचा एक मोठा साठा टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागात सापडतो. तिथल्या निशी-कासाई परिसरात, विशेषतः २००० सालच्या संगणकीय संकटाच्या भीतीने जपानी कंपन्यांनी भारतीय अभियंते बोलावले तेव्हापासून, भारतीय वस्ती दाट होत गेली आणि तिच्यात मराठी कुटुंबेही आहेत. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच विभागाच्या सभेवर निवडून आले आणि भारतात जन्मलेला लोकप्रतिनिधी जपानला प्रथमच मिळाला. मात्र उमेदवार होण्यासाठी त्यांना आधी जपानी नागरिकत्व घ्यावे लागले होते, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, त्यांच्याइतकाच स्थानिक कर भरणाऱ्या परदेशी रहिवाशांना मत देता आले नाही. क्रमांक, कर, विमा या बाबतीत वही एक झाली. मतदारयादीच्या बाबतीत नाही. २०२० च्या महामारीत सरकारने प्रत्येकी १ लाख येनची मदत दिली तेव्हा मात्र २७ एप्रिलला वहीत नाव असणे एवढाच निकष असल्याने परदेशी रहिवाशांनाही ती विनासायास लागू झाली, आणि २०१२ पूर्वीच्या तीन वह्यांच्या काळात तसे करणे किती किचकट ठरले असते याचा अंदाज करता येतो.

जपानला एकट्याला बोल लावण्याआधी मायदेशाकडेही पाहावे लागेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले तेव्हापासून आधार हे रहिवासाचे तत्त्व मानत आले आहे, नागरिकत्वाचे नव्हे. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी नागरिकही त्यास पात्र ठरतो. परंतु आता नियमांत दुरुस्ती होऊन परदेशी रहिवाशाचे आधार त्याच्या व्हिसाच्या मुदतीपुरतेच वैध राहते, आणि नेपाळ व भूतानच्या नागरिकांना तसेच परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असलेल्यांना ते दहा वर्षांसाठी मिळते. पुण्याच्या विद्यापीठात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याची आणि निशी-कासाईतील मराठी अभियंत्याची गाठ पडली, तर तारखांच्या तक्रारीवर त्यांचे चटकन एकमत होईल.

२०२४ साली जपानी संसदेने या गुंत्यावर उपाय म्हणून कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार झाइऱ्यू कार्ड आणि मायनंबर कार्ड एकत्र असलेले संयुक्त कार्ड घेता येईल, त्यासाठी १४ जून २०२६ हा आरंभदिन ठरवण्यात आला, आणि परवान्याच्या मुदतवाढीबरोबरच ते मागता येणार असल्याने कुयाकुशोचा वेगळा हेलपाटा वाचेल. संयुक्त कार्ड ऐच्छिक आहे. त्यातली मेख वेगळीच आहे. मायनंबर कार्ड जवळ बाळगण्याची सक्ती कोणावरही नाही, ते घरी कपाटात ठेवले तरी चालते. झाइऱ्यू कार्ड मात्र परदेशी व्यक्तीने सदैव अंगावर बाळगावे आणि पोलिसांनी मागितल्यास दाखवावे अशी कायद्याची आज्ञा आहे, आणि ती मोडल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही एक झाली की ज्या कार्डावर कर, विमा आणि बँकखात्याची वाट उघडते तेच रोज खिशात घेऊन हिंडणे भाग पडेल, आणि ते हरवले तर दोन्ही ओळखी एकाच वेळी हरवतील. शिवाय त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका दुरुस्तीने, कर व विम्याची वर्गणी जाणूनबुजून न भरणाऱ्या परदेशी व्यक्तीचा कायम रहिवास रद्द करण्याची तरतूद केली. कर आणि विमा या दोहोंच्या नोंदी मायनंबरलाच जोडलेल्या असतात. त्यामुळे जुन्या नोंदणीचा पहारा २०१२ साली संपला, असे म्हणणाऱ्यांना या तरतुदीचा विचार करावा लागेल.

देश सोडून जाताना या ओळखीचे काय होते, तेही नियमात लिहिलेले आहे. मे २०२४ पासून जपानी नागरिकाला परदेशी स्थायिक झाल्यावरही आपले कार्ड चालू ठेवता येते. परदेशी रहिवाशाने कायमचा मुक्काम हलवण्याची सूचना दिली की त्याचे कार्ड बाद होते. निवृत्तिवेतनाची भरलेली वर्गणी एकरकमी परत मिळवण्याचा अर्ज त्याला दोन वर्षांच्या आत करायचा असतो, नेमका अशा वेळी जेव्हा ॲप उघडण्याची किल्ली त्याच्याकडे उरलेली नसते, आणि म्हणून ते काम छापील अर्ज, बँकेचे पत्र व पारपत्राच्या प्रती टपालाने पाठवून उरकावे लागते. १२ आकडी क्रमांक तेवढा कायम राहतो. तो माणूस काही वर्षांनी पुन्हा जपानमध्ये राहायला आला, तर कुयाकुशोच्या खिडकीवर त्याला तोच क्रमांक परत मिळतो, नव्या कार्डावर आणि नव्या मुदतीसह.